इंजिन दुरुस्त होतं, गिअर बदलत नाहीत

पत्र: वडिलांच्या पाठीमागे तीन एकर माझ्याकडे आलं. एका एकरात भाजीपाला, बाकीत धान्य आणि चारा. भाड्याचा ट्रॅक्टर वाफसा निघून गेल्यावरच येतो, म्हणून जुना घ्यायचं ठरवलंय. दोन बघून ठेवलेत. पहिला पस्तीस एचपीचा, साठच्या दशकातला, नुकताच रंगवलेला. एका सेल्फला सुरू होतो, धूर नाही. चार गिअर, साधा क्लच. दुसरा तीस एचपीचा, पंधराएक वर्षांनी नवा, पण मळका. काळा धूर टाकतो, मागचे टायर संपलेत, लिफ्ट उचक्या देते. आठ गिअर आणि दुहेरी क्लच आहे असं मालक सांगतो. मला पाच फुटी रोटाव्हेटर आणि गवताचा स्लॅशर चालवायचाय. मामा म्हणतात, घ्यायचाच तर पन्नासचा घे. भाऊ म्हणतो, पहिला घे, पंप वाढवून घेऊ, पॉवर स्टेअरिंग करू, पुढे लोडर बसवू. चालवणार मी एकटीच, आणि हात अजून बसलेला नाही. काय करू?

ताई,

पहिला-दुसरा म्हणत राहिलो तर माझाच गोंधळ होईल, म्हणून मी त्यांना चकचकीत आणि मळका म्हणतो. माझा कौल मळक्याला, पण एका अटीवर. अट पुढे सांगतो, आधी कारण.

जुना ट्रॅक्टर बघायला गेलं की सगळे इंजिनाभोवती गोळा होतात. आवाज ऐकतात, धूर बघतात, माना डोलावतात. इंजिन बिघडलं तर खर्च आहे, यात वाद नाही. पण ट्रॅक्टरच्या सगळ्या अंगांत दुरुस्तीला सगळ्यांत सोयीचं तेच आहे. लायनर, पिस्टन, रिंगा, वॉल्व्ह, बेअरिंग, नोझल, सगळं सुटं मिळतं आणि सुटं बसतं. पर्किन्सचं तीन सिलिंडरचं १५२ क्यूबिक इंची डिझेल इंजिन घ्या. मॅसी फर्ग्युसन ३५ आणि १३५ या ट्रॅक्टरांत ते होतं, आणि ते उघडून पुन्हा नव्यासारखं करणारे हात आजही आहेत. उलट काही गोष्टी ट्रॅक्टर कारखान्यातून बाहेर पडतानाच ठरलेल्या असतात. पहिल्या गिअरमध्ये तो किती सावकाश चालेल, पीटीओला, म्हणजे मागचं औजार फिरवणाऱ्या दांड्याला, ताकद क्लचच्या अलीकडून मिळते की पलीकडून, लिफ्टचा, म्हणजे औजार उचलणाऱ्या भागाचा, पंप कशावर फिरतो. या गोष्टी नंतर बदलायच्या म्हणजे जवळजवळ दुसरा ट्रॅक्टर बांधायचा. तेव्हा घेताना आधी न बदलणारं तपासा. बदलता येण्यासारखं जे खराब निघेल ते भाव पाडून घ्यायला कामाला येईल.

आता क्लच. साध्या क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनाची सगळी ताकद एकाच क्लचमधून पुढे जाते, चाकांना तीच आणि पीटीओला तीच. तुम्ही पाय दाबला की दोन्ही एकदम सुटतात. रोटाव्हेटर चालवताना पुढे गवताचा गड्डा आला, तुम्हाला क्षणभर थांबून पात्यांना तो फोडू द्यायचाय, तर ते जमत नाही. थांबलात की पातीही थांबली. पुन्हा क्लच सोडलात की अडकलेल्या पात्यांसकट ट्रॅक्टर झटका खातो. दुहेरी क्लचमध्ये पायडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात आणि पीटीओ फिरत राहतो, पूर्ण दाबलं की दोन्ही थांबतात. भाजीपाल्यात, जिथे दर चार पावलांवर वळायचं, थांबायचं, मागे घ्यायचं असतं, तिथे हा फरक दिवसातून शंभर वेळा जाणवतो.

आणि स्लॅशरची गोष्ट वेगळीच. माझा पहिला ट्रॅक्टर साध्या क्लचचा होता. इंजिन घड्याळासारखं चालायचं, त्याचा मला फार अभिमान. एकदा बांधाकडचं गवत कापत होतो. कुंपण जवळ आलं, क्लच दाबला आणि ट्रॅक्टर थांबेचना. स्लॅशरचं जड पातं आपल्याच वेगात गरगरत होतं. त्यानं पीटीओचा दांडा फिरवला, दांड्यानं गिअरबॉक्स, गिअरबॉक्सनं चाकं. क्लच दाबून मी इंजिन सोडवलं होतं, पण ढकलणारा मागे बसलेला होता. ब्रेकवर पाय जाईपर्यंत कुंपणाचे दोन खांब आडवे आणि पुढची चाकं चरात. पुढे कोणी माणूस नव्हतं म्हणून आज हे हसत सांगतोय. नंतर कळलं की यावर एक छोटासा उपाय असतो. पीटीओच्या टोकावर एकाच दिशेला ताकद सोडणारं कपलिंग बसवायचं, त्याला ओव्हररनिंग क्लच म्हणतात. सायकलचं फ्रीव्हील जसं पायडल थांबलं तरी चाक फिरू देतं, तसंच. यानं ढकलणं थांबतं. पण क्लच दाबल्यावर पीटीओची ताकद सुटते ती सुटतेच.

म्हणजे साध्या क्लचचे जुने ट्रॅक्टर टाकाऊ असं समजू नका. हॅरी फर्ग्युसनचा टीई २० हा छोटा करडा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत पाच लाखांहून जास्त बनला. चार गिअर, साधा क्लच, वजन जेमतेम ११०० किलो. आज प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे जी तीन सांध्यांची लिफ्ट दिसते, ती जगभर पोहोचवली याच घराण्यानं. औजार ट्रॅक्टरला नुसतं बांधून ओढायच्या ऐवजी तीन ठिकाणी जोडायचं, जमीन कडक लागली की वरच्या सांध्यावरच्या, म्हणजे टॉप लिंकवरच्या, दाबातून लिफ्टला ते कळायचं, आणि ती औजार किंचित वर घ्यायची. त्यामुळे औजाराचं वजन मागच्या चाकांवर येऊन चाकं घसरत नसत. इतक्या हलक्या यंत्रानं नांगरट होऊ शकली ती या युक्तीमुळे. पण त्याच टीई २० मध्ये लिफ्टचा पंप पीटीओच्या दांड्यावर फिरतो. क्लच दाबला की लिफ्टही थांबते. आधी औजार उचला, मग क्लच दाबा, अशी सवय त्या पिढीच्या हातापायांना लागलेली असे. तुम्हाला फक्त नांगर, कल्टिव्हेटर आणि ट्रॉली चालवायची असती तर मी चकचकीत घ्या म्हटलं असतं. पण तुमच्या पत्रातली दोन्ही औजारं पीटीओवरची आहेत.

दुसरं न बदलणारं म्हणजे सावकाशपणा. पीटीओचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे. तो मिळवायला इंजिन एका ठरावीक वेगावर ठेवावं लागतं, बहुतेक ट्रॅक्टरच्या मीटरवर त्याची खूण असते. इंजिनाचा वेग तिथे बांधला गेला की ट्रॅक्टर किती जोरात पळेल हे फक्त गिअरवर उरतं. रोटाव्हेटरला कडक रानात ताशी दोन-अडीच किलोमीटर पुरे. चार गिअरच्या ट्रॅक्टरचा पहिलाच गिअर त्याहून पुष्कळ पळतो, मग ढेकळं तशीच राहतात आणि इंजिन मात्र कण्हतं. आठ गिअरवाल्यात बहुधा चार खालच्या पट्टीतले आणि चार वरच्या पट्टीतले असतात. तुमचं काम त्या खालच्या पट्टीत आहे. मोजायला सोपं आहे. वीस मीटर अंतर आखून घ्या, सर्वांत खालचा गिअर टाका, इंजिन पीटीओच्या खुणेवर न्या आणि ते अंतर कापायला किती सेकंद लागतात ते बघा. ७२ ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. छत्तीस सेकंद लागले तर ताशी दोन. अठरा लागले तर ताशी चार, म्हणजे तो ट्रॅक्टर रोटाव्हेटरसाठी उतावळा आहे. दोन्ही ट्रॅक्टर असे चालवून बघा. विकणारा हसेल, हसू द्या.

आता अट. मळक्याला दुहेरी क्लच आहे "असं मालक सांगतो" एवढंच तुम्ही लिहिलंय. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार निघालेले असतात. मॅसी फर्ग्युसन ३५ साध्या क्लचचाही होता आणि दुहेरीचाही. वर मधल्या काळात कोणी क्लच बदलताना काय बसवलं हे मालकालाही ठाऊक नसतं. म्हणून सपाट जागेवर, मागे औजार न जोडता, जवळपास कोणी नसताना बघा. पीटीओ चालू करा, गिअर टाका, हळू चालू द्या आणि पायडल अर्ध्यापर्यंत दाबा. ट्रॅक्टर थांबला आणि मागचा दांडा फिरत राहिला, तर मालक खरं बोलतोय. मग पूर्ण दाबा, थोड्या वेळात दांडा थांबला पाहिजे. दांडा बघायचं काम लांब उभ्या असलेल्या माणसाला द्या, तुम्ही सीटवरून उतरू नका. अर्ध्यावरच दोन्ही थांबले, किंवा पूर्ण दाबूनही दांडा थांबेना, तर कधी क्लचची नुसती जुळणी बिघडलेली असते, कधी प्लेट संपलेली. मिस्त्रीला विचारा. क्लचप्लेट बदलायला ट्रॅक्टर मधून सोडवून दोन भाग करावे लागतात. काम मोठं आहे, पण होतं. तो खर्च भावात धरा. दुहेरी क्लच नसेलच तर मळका सोडा आणि तिसरा शोधा.

मळका बघायला जाल तेव्हा न सांगता जा, निदान दिलेल्या वेळेच्या आधी पोहोचा. गेल्या गेल्या इंजिनाच्या ब्लॉकवर हात ठेवा. कोमट लागला तर तुम्ही येण्याआधी तो सुरू करून ठेवलाय, म्हणजे थंडपणी सुरू व्हायला तो छळतो. अशा वेळी चहापाणी घ्या, गप्पा मारा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. सुरू होताना पांढरा धूर येऊन मिनिटा-दोन मिनिटांत गेला तर काळजी नको. निळसर धूर राहिला तर ऑईल जळतंय. तुम्ही ज्या काळ्या धुराला घाबरलात तो या तिघांत सर्वांत गरीब. डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी मिळतेय, एवढाच त्याचा अर्थ. मळकट ट्रॅक्टरमध्ये पहिला संशय एअर क्लीनरवर घ्यायचा. खालची तेलाची वाटी काढून बघा. तळाशी चिखलाचा थर असेल तर कित्येक महिने कोणी ती उघडलेली नाही. ती धुऊन, तेल खुणेइतकं भरून धूर निम्मा झालेला मी पाहिलाय. त्यानंही गेला नाही तर डिझेल फवारणारे नोझल काढून तपासून घ्यायचे.

धुरापेक्षा मला ऑईल टाकायच्या तोंडात जास्त रस आहे. इंजिन गरम झाल्यावर ते झाकण काढा. बारीक वाफ आली तर ठीक. भक् भक् करत धूर बाहेर पडत असेल तर रिंगा आणि लायनर झिजलेत. मिस्त्री त्याला इंजिन बॅक मारतंय म्हणतात. तेव्हा इंजिनाचं काम धरूनच भाव करा. ऑईलची कांडी काढून बघा. ऑईल खुणेच्या वर असेल तर खूश होऊ नका, त्यात डिझेल किंवा पाणी उतरलेलं असू शकतं. ताकासारखं दिसलं तर पाणी नक्की. गिअरबॉक्सचं ऑईलही बघा, तिथे माणसं सहसा बघत नाहीत. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलेलं असलं की पाऊसपाणी थेट आत जातं, आणि बऱ्याच ट्रॅक्टरांत लिफ्ट त्याच ऑईलवर चालते.

लिफ्टच्या उचक्यांकडे येऊ. औजार वर घेतल्यावर ते जरा खाली येतं, लिफ्ट त्याला परत वर ढकलते, पुन्हा खाली, पुन्हा वर. म्हणजे सिलिंडरच्या सीलमधून किंवा वॉल्व्हमधून तेल झिरपतंय. इंजिन बंद करून बघा. उचललेलं औजार पाच मिनिटांतच जमिनीला टेकलं तर गळती मोठी आहे. हे काम बहुतेक ट्रॅक्टरांत वरचं झाकण काढून होतं, ट्रॅक्टरचे दोन भाग करावे लागत नाहीत. म्हणजे उचक्या भावात वळत्या करायच्या. पण त्याआधी ऑईलची पातळी बघा आणि गाळणी धुऊन घ्या. कधी आजार तेवढाच असतो. आणि हो, उचललेल्या औजाराखाली दुरुस्त लिफ्ट असली तरी कधी हात घालायचा नाही. आधी ठोकळा, मग हात.

बाकीचं भरभर. प्रत्येक गिअर टाकून चढावर चालवा. गिअर आपोआप सुटला तर आतले दात गेलेले असू शकतात आणि ते काम महागात पडतं. तासांच्या मीटरवर विश्वास ठेवू नका. जुने मीटर इंजिनाच्या एका ठरावीक वेगालाच खरे तास मोजतात, आणि बदललेले तर काहीच सांगत नाहीत. क्लचचं आणि ब्रेकचं पायडल बघा. त्यावरच्या रेषा पुसून गुळगुळीत झाल्या असतील तर ट्रॅक्टरनं आयुष्य काढलंय. डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा दाबून बघा, दोन्ही सारखे लागले पाहिजेत. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवा, चाक ज्यावर वळतं ती किंग पिन आणि तिचे बुश सैल असतील तर कळेल. इंजिनाचा आणि चासीचा नंबर कागदांशी जुळवा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला नंबर दिसला तर तिथून निघून या.

चकचकीताबद्दल एक शब्द. रंग वाईट नाही. पण ऑईल कुठून झिरपतं, तडा कुठे गेला, वेल्डिंग कुठे झालं, हे सांगायचं काम मळाचं असतं, आणि रंगानं ते तोंड बंद केलं जातं. रबराच्या पाइपांवर, ग्रीसच्या निपलांवर, मीटरच्या काचेच्या कडेवर रंगाचे शिंतोडे दिसले तर तो ट्रॅक्टर विकण्यासाठी रंगवलाय, राखण्यासाठी नव्हे.

मामांना माझा नमस्कार सांगा, पण पन्नासचा तुम्हाला नको. तीन एकरात वळायलाच जागा जाते, आणि मोठा ट्रॅक्टर आपल्या वळणांखाली जितकी जमीन दाबतो तितकी तुम्ही दरवर्षी पुन्हा सोडवत बसाल. दाब किती खोल जातो हे बरंचसं धुरीवरच्या, म्हणजे चाकांच्या आसावरच्या, वजनावर असतं. वरून भुसभुशीत दिसणाऱ्या रानाखाली जो कडक थर तयार होतो तो त्यातूनच. वाफशावर हलका ट्रॅक्टर एक दिवस आधी रानात जाऊ शकतो, आणि तुमची तक्रारच वाफसा चुकण्याची आहे.

मात्र तीस एचपीला पाच फुटी रोटाव्हेटर जड होईल. इंजिनाचे तीस म्हणजे पीटीओवर साधारण पंचवीस-सव्वीस उरतात. रोटाव्हेटरला फुटामागे सहा ते आठ एचपी लागतात, जमीन जितकी कडक तितके जास्त. तेव्हा चार फुटी घ्या. चार फुटी रोटाव्हेटर दोन्ही चाकांच्या खुणा पुसत नाही, हे खरं. त्यासाठी तो एका बाजूला सरकवून जोडायचा, म्हणजे निदान एका चाकाची खूण पुसली जाते आणि दुसरी पुढच्या फेरीत येते. स्लॅशर हलकं गिऱ्हाईक आहे. फुटामागे पाच एचपीचा हिशेब धरला तर चार फुटी निवांत चालेल.

भावाच्या तीन सूचनांपैकी पहिली, पंप वाढवणं, ही मी हात जोडून नाकारतो. पंपाचं सील तोडून डिझेल वाढवलं की चार दिवस ट्रॅक्टर तरणा वाटतो. मग काळा धूर, तापलेलं पाणी, जळालेली क्लचप्लेट. तीस एचपीसाठी घडवलेले गिअर चाळीस झेलत राहत नाहीत. दुसरी, लोडर, म्हणजे पुढे बादली लावून माल उचलणारी जोडणी. पुढच्या नाजूक धुरीवर आणि जुन्या पंपावर लोडर बसवणं म्हणजे किंग पिनांचा, बेअरिंगांचा आणि स्टेअरिंगचा जीव घेणं. भरलेली बादली वर उचलून उतारावर वळलात तर ट्रॅक्टर आडवा होऊ शकतो. शेणखत, माती, क्रेट, जे काही लोडरनं हलवायचं मनात असेल, त्यातलं बरंचसं मागच्या लिफ्टवर बसणाऱ्या पेटीनं किंवा काट्यानं होतं. लिफ्ट तर तुम्ही दुरुस्त करणारच आहात. तिसरी, पॉवर स्टेअरिंग. लोडर नसेल तर तीस एचपीला त्याची गरज फारशी पडत नाही. जड स्टेअरिंगची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. सुकलेलं ग्रीस, कमी हवा, झिजलेले बॉल जॉइंट, पुढची चाकं आत-बाहेर वाकडी. हे नीट केल्यावरही हात दुखले तर पुढच्या वर्षी बघू.

मग पैसे कुठे घालायचे? सर्वांत आधी तेलं आणि गाळण्या. इंजिन, गिअरबॉक्स, स्टेअरिंग, सगळीकडचं जुनं काढून नवं. डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलल्यावर लाइनमध्ये हवा अडकते. फिल्टरपासून पंपापर्यंत एकेक स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल सोडायचं. हे पहिल्याच दिवशी मिस्त्रीकडून शिकून घ्या, कारण रानात एकट्या असताना ट्रॅक्टर बंद पडायचं एक नेहमीचं कारण हेच. त्यानंतर ब्रेक. त्यानंतर लिफ्ट.

आणि यांच्या बरोबरीनं, उशिरा नव्हे, रोलबार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी चौकट, आणि सीटचा पट्टा. साठ-सत्तरच्या दशकातले कित्येक ट्रॅक्टर रोलबारशिवाय निघाले. नव्या ट्रॅक्टरना तो सक्तीचा करणारा पहिला देश स्वीडन, १९५९ साली. मागे उलटणारा ट्रॅक्टर परत न येण्याच्या टप्प्यापलीकडे एका सेकंदाच्या आत जातो, उडी मारू वगैरे गोष्टी तेवढ्या वेळात होत नाहीत. रोलबार तुमच्या मॉडेलसाठी बनवलेला आणि तपासलेला घ्या, धुरीच्या आवरणाला बोल्टनं बसणारा. घरी पाइप वाकवून वेल्डिंग केलेली चौकट सावलीसाठी ठीक, डोक्यावर ट्रॅक्टर पेलायला नाही. रोलबार आहे तर पट्टा लावा. रोलबार नसताना मात्र पट्टा लावू नका. आणि ओढायचं काही असेल तर साखळी फक्त खालच्या ड्रॉबारला, म्हणजे ट्रॉली जोडतात त्या पट्टीला. टॉप लिंकच्या जागी किंवा धुरीला साखळी बांधली आणि ओंडका हलला नाही, तर चाकं जमिनीवर रुतून राहतात आणि पुढचा भाग आभाळाकडे उठतो. अनुभवी माणसंही यात गेलीत.

पीटीओच्या दांड्यावरचं आवरण जुन्या ट्रॅक्टरवर हमखास गायब असतं. ते विकत घ्या. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचं टोक दांड्याला लागलं तर हात मागे घ्यायला वेळच उरत नाही. शेतात ओढणी कमरेला बांधा, केस आत घ्या, आणि दांडा फिरत असताना त्याच्या वरून पाय टाकून पलीकडे जाऊ नका, कितीही घाई असली तरी.

टायर हा तुमचा घासाघीस करायचा मुद्दा आहे. मागचे दोन्ही एकदम आणि एकाच मापाचे बदला. कडेवर १२.४-२८ असं काही लिहिलेलं असेल, म्हणजे रुंदी १२.४ इंच आणि रिम २८ इंची. फार जुन्या टायरवर ११-२८ दिसलं तर गोंधळू नका, तेच माप नव्या पद्धतीत १२.४-२८ म्हणून येतं. टायर काढलेलेच आहेत तर त्याच वेळी चाकांमधलं अंतर तुमच्या सऱ्यांना जुळवून घ्या. रिम आणि डिस्क उलटसुलट फिरवून बऱ्याच ट्रॅक्टरांत हे अंतर चार-चार इंचांनी कमी-जास्त होतं. वजनासाठी टायरमध्ये पाणी भरायचं असेल तर तीन-चतुर्थांशापर्यंत भरा. पूर्वी कोणी त्यात कॅल्शियम क्लोराइड भरलं असेल तर रिम आतून गंजलेली असू शकते, म्हणून टायर निघाल्यावर रिम टोकरून बघा. उलट बाजूही बघा. मागे रोटाव्हेटर उचलल्यावर पुढची चाकं हलकी वाटायला लागली तर पुढे वजनाच्या प्लेटा हव्यात. ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर स्टेअरिंग फिरतं आणि ट्रॅक्टर सरळच जातो.

वीज शेवटी. डायनॅमो चालत असेल तर राहू द्या. संध्याकाळी दिवे लावून काम करणार असाल तर अल्टरनेटर बसवा, कारण डायनॅमो इंजिन मंद असताना बॅटरी जेमतेम भरतो. बदलताना एक गोष्ट मिस्त्रीला विचाराच. काही जुन्या ट्रॅक्टरांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. तसंच ठेवून नेहमीचा अल्टरनेटर जोडला तर तो पहिल्याच दिवशी जळतो.

एवढं सगळं एकदम करू नका. पहिल्या हंगामात तेलं, ब्रेक, लिफ्ट, रोलबार, टायर. रिकाम्या रानात कल्टिव्हेटर घेऊन पंधरा दिवस हात बसवा, मग रोटाव्हेटर जोडा, स्लॅशर सर्वांत शेवटी. दुहेरी क्लचचं पायडल दुसऱ्या अर्ध्यात बरंच कडक लागतं. सीट पुढे सरकत असेल तर सरकवून घ्या, नाहीतर पाठीमागे उशी ठेवा. पाय पूर्ण तळापर्यंत जायला हवा.

चकचकीतवाल्याला अजून नाही म्हणू नका. आधी मळक्याचं पायडल अर्ध्यापर्यंत दाबून बघा आणि काय झालं ते मला कळवा.